कृपया लाईनवर थांबा

"उद्यापासून फोन माणूस उचलणार न्हाई," मॅनेजर श्रीमंतरावांनी जाहीर केलं. "मशीन उचलणार."

बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीतला तो पशुखाद्याचा कारखाना तसा लहानच होता. ऑफिसात चार टेबलं, भिंतीवर मालकांच्या वडिलांचा फोटो, आणि बाहेरून येणारी फोनची लाईन एकच. पण मालक हैदराबादला राहत आणि तिथल्या कुठल्याशा ऑफिसात त्यांनी पाहिलं होतं, की फोन केला की आतून आवाज येतो, याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा. तेव्हापासून त्यांना आपल्या ऑपरेटर बाईची लाज वाटू लागली होती.

ती बाई, म्हणजे भाग्यलक्ष्मी, समोरच बसलेली होती. "आन मी काय करू मग?" तिनं विचारलं. "मशीनला च्या करून देऊ?"

"तुमी डिस्पॅचला बसा. पावत्या फाडा."

"बरं. आन मशीन बसवनार कोन?"

श्रीमंतरावांनी मान वळवली. सगळ्यांनी वळवली. रविकुमारनं आधी मागं पाहिलं. मागं भिंत होती, त्यामुळे त्याचा नाइलाज झाला.

रविकुमार हिशेब बघायचा. कामाला चोख, पण जन्माचा भित्रा. कुत्र्याला भ्यायचा, लिफ्टला भ्यायचा, पोस्टमनला भ्यायचा, आणि श्रीमंतराव घसा साफ करू लागले तर हातातलं पेन खाली ठेवून उभा राहायचा. उदगीरला त्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, एवढ्या पुराव्यावर त्याला मशीनचा जाणकार ठरवण्यात आलं. "जमत न्हाई" असं म्हणायची त्याला भीती वाटली, म्हणून तो "व्हय साहेब" म्हणाला. अशीच त्यानं आयुष्यात बरीच कामं अंगावर घेतली होती.

मशीन बसलं. एक दाबलं की विक्री, दोन दाबलं की हिशेब, शून्य दाबलं की ऑपरेटरच्या जुन्या टेबलावरची घंटी. काहीच दाबलं नाही तर 'टूं' असा आवाज होई आणि पुढचं बोलणं निरोपाच्या पेटीत जमा होई. ती पेटी रोज रविकुमारनं ऐकायची आणि ज्याचा निरोप त्याला द्यायचा, असं ठरलं. आता आवाज कुणाचा भरायचा, एवढाच प्रश्न उरला.

"माजा न्हाई," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "माज्याच तोंडानं माजीच खुर्ची घालवू व्हय?"

मग रविकुमारचाच आवाज भरला. श्रीमंतराव शेजारी उभे राहून त्याला शुद्ध बोलायला लावत होते. "हाय न्हाई, आहे. तुमचा न्हाई, आपला. मोठ्या कंपनीवानी आलं पायजे." दहाव्या खेपेला आलं. "नमस्कार. आमच्या कारखान्यात आपले स्वागत आहे. विक्रीसाठी एक दाबा, हिशेबासाठी दोन दाबा, ऑपरेटरसाठी शून्य दाबा. अन्यथा आवाज आल्यानंतर आपला निरोप ठेवा." शून्य दाबणाऱ्यासाठी वेगळं वाक्य होतं. "कृपया लाईनवर थांबा. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." हे म्हणताना रविकुमारला जांभई आली होती. ती श्रीमंतरावांनी पुसून घेतली, पण वाक्यात थोडी उरलीच.

"निरोपाला येळ किती ठेवू, साहेब?"

"वीस सेकंद."

"साहेब, आपली मानसं—"

श्रीमंतरावांनी घसा साफ केला. रविकुमारनं वीस सेकंद ठेवले.

पहिल्या आठवड्यात पेटी रोज भरून जायची आणि मागणी एकही नसायची. कारण आपल्याकडे फोनवर कामाचं आधी बोलत नाहीत. ते उद्धटपणाचं असतं. औरादचे दुकानदार बोलायचे, "नमस्कार नमस्कार. जेवन झालं का? आमचं झालं. पाऊस हाय का तिकडं? इकडं न्हाई. म्हस व्याली बगा आपली, रेडी झाली. लेकरं बरी हाईत न्हवं? बरं, तर काम असं हाय—" टूं. भालकीवाल्याचंही तसंच, बसवकल्याणवाल्याचंही तसंच. कुणाची म्हैस व्याली आणि कुणाचा गुडघा दुखतो, एवढं रविकुमारला तोंडपाठ झालं, पण पेंड कुणाला किती पोती हवीत ते काही कळेना.

"साहेब, येळ वाढवू का?" त्यानं एकदा दारातूनच विचारलं.

"मशीन न्हाई बदलायचं. लोकांनी मुद्द्याचं बोलाय शिकलं पायजे," श्रीमंतराव म्हणाले. रविकुमार दारातूनच परत गेला.

आणि मग तो सोमवार आला.

त्या दिवशी सकाळपासून रविकुमार गोदामात पोत्यांची मोजदाद करत होता आणि भाग्यलक्ष्मी त्याच्याबरोबर पावत्या जुळवत होती. परत येऊन त्यानं तोंड धुतलं, खुर्चीवर बसला आणि पेटीचं बटण दाबलं. पहिला आवाज ऐकून तो दचकला. आवाज त्याच्या आईचा होता.

बाणूबाई करजगीला राहायची. अफजलपूर तालुक्यातल्या त्या गावी फोन होता तो काशप्पाच्या किराणा दुकानात, आणि तिथून ती महिन्यातून एकदा, सणासुदीला दोनदा फोन करायची. सोमवारी सकाळी कधीच नाही.

"रव्या? आरं, मी बोलायले. कसं बोलायलास रं असं सायबागत? जेवलास का? बोल की. बोल. बरं, नगं बोलू. नीट जेवत जा. इकडं पाऊस न्हाई. तर ऐक, घाबरू नको. काय झालं न्हाई. तुज्या अप्पाला—" टूं.

अप्पा म्हणजे रविकुमारचा बाप. 'घाबरू नको, काय झालं न्हाई' हे आपल्याकडे कधी म्हणतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. माणूस गेल्याचं फोनवर कुणी सांगत नाही. तब्येत जरा नरम आहे, घाबरू नको, निघून ये, एवढंच सांगतात. त्याच्या आजोबांच्या वेळीही असंच 'काय झालं न्हाई' म्हणून बोलावलं होतं आणि तो पोचला तेव्हा सगळं आटोपत आलं होतं.

त्यानं पुढचा निरोप लावला.

"आरं, मधीच कामून ठेवलास? मी काय म्हनायले, सगळी भावकी जमलीया. काशप्पा बी दुकान बंद करून आलाय. दारात सतरंज्या टाकल्यात. बायाबापड्या बी आल्यात. सगळे तुजंच नाव काढायलेत. तू घाबरू नको. अप्पाचं काय झालं सांगते—" टूं.

भाग्यलक्ष्मी पावत्या ठेवून जवळ आली. "काय झालं, रविअण्णा? चेहरा कामून असा?"

रविकुमारनं परत बटण दाबलं. तिसऱ्या निरोपात काशप्पा बोलत होता. काशप्पा दुकानदार असल्यामुळे त्याचा शिष्टाचार आईपेक्षा लांब होता.

"नमस्कार रविकुमार. मी काशप्पा. जेवन झालं न्हवं? हां. तिकडं तुरीचा भाव काय हाय? इकडं पडलाय बगा. हां, तर अप्पाला भितीला टेकवून बसवलंय. नवं धोतर नेसवलंय, भंडारा लावलाय, गळ्यात हार घातलाय. आता फकस्त तुमचीच—" टूं.

रविकुमारच्या भावकीत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात, नवं धोतर नेसवतात, कपाळाला भंडारा लावतात, गळ्यात हार घालतात आणि बसवूनच नेतात. काशप्पानं एकही गोष्ट सोडली नव्हती.

चौथा निरोप पुन्हा आईचा होता. तिचा घसा पार बसला होता. "रव्या... अप्पा बोलंना झालाय रं. आवाज दिला तरी बोलंना. नुसता म्होरं बघत बसलाय. आता तूच—" टूं.

पुढं निरोप नव्हता. मग रविकुमार टेबलावर डोकं ठेवून रडू लागला. तो नेहमी मुकाट घाबरणारा माणूस होता, त्यामुळे त्याला मोठ्यानं रडताना ऐकून श्रीमंतराव केबिनमधून बाहेर आले. घसा साफ करायचंही ते विसरले.

"फोन लाव घरी," ते म्हणाले.

"घरी कुठं फोन हाय, साहेब? काशप्पाच्या दुकानात हाय."

लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली आणि कुणी उचललं नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. काशप्पा दुकान बंद करून आलाय हे आईनं सांगितलंच होतं. अख्खं गाव एका दारात जमल्यावर दुकानातला फोन उचलणार कोण?

श्रीमंतरावांनी सगळे निरोप परत एकदा ऐकले. प्रत्येक 'टूं'ला त्यांचा चेहरा थोडा थोडा उतरत गेला. बाई बिचारी सांगायला आली आणि आपल्या वीस सेकंदांनी तिचं तोंड तीन वेळा बंद केलं, हे त्यांना कुणी म्हणालं नाही, पण भाग्यलक्ष्मी त्यांच्याकडे बघत होती आणि तेवढं पुरेसं होतं.

"बसवराजला जीप काढाय सांगा," ते म्हणाले. "मी बी येतो."

"मी बी," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "ह्यांना पानी पाजाय कोनतरी पायजे."

ऑफिसला कुलूप लागलं. फोन राखायला आता मशीनच होतं.

ड्रायव्हर बसवराज माणूस चांगला, पण त्याला गप्प बसवत नसे, आणि मयतीला जाताना काय बोलावं याबद्दल त्याच्या कल्पना वेगळ्या होत्या. हुमनाबाद यायच्या आधीच त्यानं रस्त्याच्या डाव्या बाजूचं एक झाड दाखवलं. "रविअण्णा, हितंच आमच्या साडूची लॉरी गेली. जागच्या जागी." पुढं एक पूल आला. तिथंही कुणीतरी गेलं होतं. गुलबर्ग्याच्या अलीकडे एका वळणावर तर एक आख्खं वऱ्हाड गेलं होतं. रविकुमार एकीकडे बापासाठी रडत होता आणि दुसरीकडे दोन्ही हातांनी जीपचा दांडा पकडून बसला होता. दुःखातसुद्धा भीतीला जागा होतेच.

"बसवराज, म्होरं बघ आन गप चालव," श्रीमंतराव शेवटी ओरडले.

मग जीपमध्ये कुणी बोललं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. रविकुमारला अप्पाचा आवाज आठवेना. चेहरा आठवत होता, पटका आठवत होता, मेंढरं विकून टाकली त्या दिवशी रिकाम्या वाड्याकडे बघत उभा असलेला अप्पा आठवत होता. पण फोनवरचा आवाज आठवेना, कारण अप्पा फोनवर कधी बोललाच नव्हता. आई काशप्पाच्या दुकानात बोलायची तेव्हा तो बाजूला उभा असायचा. पलीकडून त्याचं खोकणं ऐकू यायचं आणि "इचार, जेवला का," एवढं एक वाक्य. फोन त्याच्या हातात दिला की तो मागं सरायचा. "लोकाच्या फोनवर आपलं कसं बोलावं," म्हणायचा. रविकुमारनंही कधी आग्रह केला नव्हता. पुढच्या वेळी बोलू, असं त्याला दर वेळी वाटायचं. आता पुढची वेळ कुठली, या विचारानं त्याला पुन्हा भरून आलं.

गुलबर्ग्याला श्रीमंतरावांनी जीप थांबवून हार घेतला. रिकाम्या हातानं कसं जायचं? हार चांगला जाडजूड, झेंडूचा, मधे गुलाब घातलेला होता. रविकुमार तेवढ्यात एसटीडी बूथमध्ये शिरला. काशप्पाच्या दुकानात नुसती घंटी वाजली. मग त्यानं आपल्याच ऑफिसचा नंबर फिरवला. मशीनला एक खुणेचा आकडा दिला की बाहेरूनही निरोप ऐकता येत. पण ऑफिसची लाईन लागेना. कुणीतरी बोलत होतं.

"साहेब, लाईन बिझी हाय."

"परत लाव."

परतही बिझी. अफजलपूरला उतरून लावला, तरी बिझीच. कुलूपबंद ऑफिसात दुपारभर कोण बोलतंय, आणि कुणाशी?

"गावाकडचेच असतील," भाग्यलक्ष्मी हळूच म्हणाली. "सारखं लावायले असतील बगा. कुठवर आलाव म्हनून."

"कामून? आता काय घाई हाय त्यांना?" असं विचारताना रविकुमारच्या लक्षात आलं की घाई कशाची असते. उन्हं उतरायच्या आत न्यावं लागतं. मुलाची वाट तरी किती वेळ बघणार? "बसवराज, जोरात घे," तो म्हणाला, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याला वेगाची भीती वाटली नाही.

करजगीत शिरताना रस्त्यावर माणूस दिसेना. काशप्पाच्या दुकानाला कुलूप होतं. गल्लीच्या तोंडाशी मात्र चपलांचा खच पडला होता आणि दारासमोर सतरंज्यांवर माणसं मुकाट बसली होती. कुणी बोलत नव्हतं. कुणी खोकला तर शेजारचा त्याला गप करत होता. रविकुमारला पाहून माणसं उठली, बाजूला झाली आणि त्यांनी त्याला वाट करून दिली. बसवराजनं डोक्यावरची टोपी काढली. भाग्यलक्ष्मीनं पदर तोंडाला लावला. श्रीमंतराव हार घेऊन मागोमाग आले.

अप्पा समोरच होता. भिंतीला टेकून बसवलेला, नवं पांढरं धोतर, कपाळभर भंडारा, गळ्यात हार. डोळे उघडे आणि समोर लागलेले.

"अप्पा!" रविकुमारनं हंबरडा फोडला आणि जाऊन पाय धरले. "मला सोडून गेलाव की वो, अप्पा! एक शबुद बोललाव न्हाई!"

अप्पानं पाय मागं ओढून घेतला.

"गप की," तो म्हणाला. "ऐकू येऊ दे."

रविकुमारनं जी किंकाळी फोडली तिच्यापुढे आधीचा हंबरडा काहीच नव्हता. तो उताणा पडला. बसवराज टोपी तिथंच टाकून गल्लीच्या तोंडापर्यंत पळाला. भाग्यलक्ष्मी श्रीमंतरावांच्या मागे लपली आणि श्रीमंतराव हाराच्या मागे लपले.

"काय आरडायलास रं!" बाणूबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिचा घसा अजून बसलेलाच होता. "सकाळधरनं बोलवायलेत तवा आला न्हाईस, आन आता आलास तर वरडायलास!"

"आये... अप्पा... अप्पा जित्ता हाय?"

"मग? मेला म्हून कोन सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. रविकुमार उठून बसला आणि त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं. अप्पाच्या उजव्या हातात, कानाला घट्ट लावलेला, नवा कोरा फोन होता. शेजारी पाटावर त्याचा डबा होता, त्यावर हळदकुंकू आणि पुढं फोडलेला नारळ. डब्यातून निघालेली तार अप्पाच्या पाठीमागं भिंतीत गेली होती. तार आखूड पडली होती, म्हणून अप्पाला भिंतीला टेकून बसवावं लागलं होतं. हार खरं तर फोनलाच घातला होता, पण तो बोलताना मधे यायला लागला, तेव्हा काशप्पानं काढून अप्पाच्या गळ्यात घातला. आणि आईचा घसा बसला होता, कारण बीदर लांब आहे आणि ती तितक्या लांब ऐकू जाईल असं बोलली होती.

"कवाधरनं अर्ज दिला होता ह्यांनी, कुनाला न सांगता," बाणूबाई सांगू लागली. "लाईनमन अवचित आला. म्हनलं पयला फोन रव्याला लावायचा. लावला तर तू असा परक्यागत बोलायलास. आपले सुवागत हाय म्हनालास! म्या म्हनलं सायेब बाजूला असंल, म्हून असं बोलायलाय. मी बोलले, काशप्पा बोलला. मधीच टूं करून ठेवायलास. मग ह्यांच्या हातात दिला, तर ह्यांची वाचाच बसली. बोलंनाच झाले."

"आन आता?"

"काशप्पा म्हनला शून्य दाबा. दाबलं. तवाधरनं असेच बसलेत. कुनालाबी फोन देईनात. जेवले न्हाईत, उठले न्हाईत. कुनाला बोलू बी देईनात, ऐकू येत न्हाई म्हनून."

ऑफिसची लाईन दुपारभर कुणामुळे बिझी होती, हे रविकुमारच्या आता ध्यानात आलं. त्याच्या मागे गावकऱ्यांत कुजबुज सुरू झाली. त्यांना श्रीमंतरावांच्या हातातला हार दिसला होता. "सायेब बीदरवरनं आले बगा, फोनसाठी हार घिऊन!" कुणीतरी म्हणालं. श्रीमंतराव मॅनेजर उगाच झाले नव्हते. त्यांनी घसा साफ केला, दोन पावलं पुढं टाकली आणि हार मोठ्या अदबीनं फोनच्या डब्याला घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना ते रविकुमारच्या कानाशी वाकले. "उद्या ते वीस सेकंद काढून टाक," ते पुटपुटले.

रविकुमारचं तिकडे लक्ष नव्हतं. तो गुडघ्यांवर सरकत अप्पाच्या पुढ्यात गेला. अप्पा जिवंत आहे, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा वाटत होतं. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं.

"अप्पा, फोन ठेवा आता. म्या आलाव की."

अप्पानं फोनच्या खालच्या टोकावर तळहात झाकला. "हळू बोल. आत रव्या हाय."

"मीच रव्या, अप्पा."

"ते दिसायलंय की मला. पर आत बी तूच हाईस. थांबा म्हनलास, थांबलाव."

"ते मशीन हाय, अप्पा. भरलेला आवाज हाय."

"आसंल. पर आवाज तुजाच हाय न्हवं?" अप्पा म्हणाला. "जरा येळ गेला की परत म्हनायलास, कृपया थांबा. तुमचा फोन लई म्हत्त्वाचा हाय म्हनून. जन्मात कुनी असं म्हनलं न्हाई मला. मग आपुन मधीच ठेवून द्यावं व्हय? तुला काय वाटंल?"

जांभई देत भरलेलं ते वाक्य अप्पा दुपारभर, जेवण सोडून, कान लावून ऐकत बसला होता. सगळं गाव बघत होतं, साहेब बघत होते, आणि रविकुमार माणसांपुढे बोलायला कायमच भ्यायचा. तरी तो अप्पाच्या समोर नीट मांडी घालून बसला, शर्टाच्या बाहीनं त्यानं नाक पुसलं आणि श्रीमंतरावांनी शिकवलेल्या शुद्ध आवाजात तो म्हणाला,

"नमस्कार. थांबल्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत..." इथं त्याचा आवाज फुटला. "अत्यंत महत्त्वाचा आहे. बोला."

अप्पाचा चेहरा खुलला. फोन कानाला तसाच धरून, समोर बसलेल्या मुलाकडे बघत, तो मोठ्यानं बोलू लागला. सतरंज्यांवरची माणसं पुढं सरकली.

"हॅलो! रव्या? मी अप्पा बोलायलाव. जेवलास का?"

"न्हाई, अप्पा. जेवतो आता."

"जेव. तिकडं पाऊस हाय का?"

"न्हाई."

"हिकडं बी न्हाई. तुजं सायेब बरं हाईत?"

"बरं हाईत."

"आन तू? तब्येत?"

"लई बरी हाय, अप्पा. आता लई बरी हाय."

"बरं." अप्पा थोडा थांबला. कुठं 'टूं' वाजतं का ते त्यानं ऐकलं. काही वाजलं नाही. मग त्यानं खाकरून घसा साफ केला. "बरं, तर काम असं हाय रव्या. घाबरू नको. सांगायचं म्हंजे, आपल्या घरी फोन आलाय."

"काय सांगताव?" रविकुमार म्हणाला. "कवा?"